इंग्रजी गटचर्चेंत कसें बोलावें ?

अर्धवर्तुळांत मांडलेल्या आठ खुर्च्या, त्यांवर बसलेले आठ तरुण उमेदवार, प्रत्येकाच्या छातीवर एक अंक, आणि थोड्या अंतरावर कागद घेऊन बसलेला एक अधिकारी. अधिकारी विषय सांगतो, चर्चा सुरू करण्याची सूचना देतो आणि गप्प बसतो. या बैठकीस अध्यक्ष नाहीं, बोलण्याचा क्रम ठरलेला नाहीं, 'आतां तुमची पाळी' असें सांगणाराहि कोणी नाहीं. संभाषण इंग्रजींत चालावयाचें असतें. पुढील वीस मिनिटांत कोणी दहा वेळां बोलतो, कोणी तीन वेळां बोलतो. आणि एखादा असाहि असतो कीं, सांगण्यासारखी गोष्ट त्याच्यापाशींच असते, परंतु ती ओठांवर येण्यापूर्वीं वेळ संपून जाते. या शेवटच्या उमेदवाराची अडचण नेमकी कशांत आहे, आणि ती कशी दूर होऊं शकेल, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

ही परीक्षापद्धति जन्मास आली ती युद्धाच्या धामधुमींत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ब्रिटिश सैन्यास अधिकाऱ्यांची मोठी निकड भासूं लागली. तोंपर्यंत अल्पशी मुलाखत घेऊन, उमेदवाराचें घराणें व शाळा पाहून माणूस निवडण्याची चाल होती. अशा रीतीनें निवडलेले पुष्कळ जण पुढें शिक्षणक्रमांत टिकत नाहींत, असा अनुभव येऊं लागला. म्हणून 1942 सालीं नवीं निवडमंडळें स्थापन झालीं आणि मानसशास्त्रज्ञांच्या साहाय्यानें नव्या कसोट्या योजण्यांत आल्या. त्यांतील एक प्रमुख कल्पना विल्फ्रेड बायन यांची. अनोळखी माणसांचा एक लहानसा गट करावा, त्यास कांहीं काम द्यावें, परंतु पुढारी मात्र नेमूं नये. मग कोण केवळ स्वतः चमकण्यासाठीं धडपडतो आणि कोण गटाचें काम पुढें नेतो, हें आपोआप उघडें पडतें, असें तिचें सूत्र होतें. 1943 सालीं याच धर्तीवर डेहराडून येथें निवडमंडळाचा प्रयोग सुरू झाला, आणि स्वतंत्र भारताच्या सैन्यदलांनीं ही पद्धति पुढें चालू ठेविली.

महाराष्ट्रांतील तरुणांना या पद्धतीची ओळख मुख्यत्वें खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीमुळें झाली. त्या संस्थेंत प्रवेश मिळविण्यासाठीं प्रथम लेखी परीक्षा द्यावी लागते. तिला 900 गुण. तींत उत्तीर्ण झालेल्यांस पांच दिवसांच्या निवडमंडळापुढें जावें लागतें. त्यासहि 900 गुण. गणिताचीं पुस्तकें घेऊन वर्षभर केलेल्या अभ्यासाचें जेवढें मोल, तेवढेंच त्या पांच दिवसांतील वागण्याबोलण्याचें. महाराष्ट्र सरकारनें 1977 सालीं औरंगाबाद येथें, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरांत, या परीक्षेच्या पूर्वतयारीसाठीं एक संस्था काढली, ती याच जाणिवेनें. गणितांत तल्लख असलेला मुलगा खुर्च्यांच्या त्या अर्धवर्तुळांत अडखळतो, तेव्हां त्याचें एक वर्ष जातेंच; शिवाय 'हें काम आपल्यासारख्यांचें नव्हे' अशी एक चुकीची समजूत घेऊन तो गांवीं परततो. ती समजूत त्या गेलेल्या वर्षाहून अधिक घातक असते.

ही समजूत चुकीची कां, हें परीक्षक काय पाहतो याचा विचार केला म्हणजे स्पष्ट होतें. निवडमंडळापुढें अधिकाऱ्यास आवश्यक अशा पंधरा गुणांची यादी असते. तर्कशक्ति, सहकार्य, पुढाकार, आत्मविश्वास, जबाबदारीची जाणीव, गटावर प्रभाव पाडण्याचें सामर्थ्य, असे ते गुण. त्यांत विचार व्यक्त करण्याची शक्ति हा एक गुण आहे. निर्दोष इंग्रजी व्याकरण हा मात्र त्या पंधरांत कोठेंच नाहीं. एखादें वाक्य मध्येंच हिंदींत निघालें म्हणून तेथें कोणास उठवून लावीत नाहींत.

यावर कोणी म्हणेल कीं, ही झाली सैन्याची गोष्ट. जेथें इंग्रजी भाषेचीच परीक्षा असते, तेथें तर व्याकरणच श्रेष्ठ ठरेल. परंतु तेथेंहि चित्र फारसें निराळें नाहीं. हाँगकाँग येथें शालेय शिक्षणाच्या अखेरीस जी परीक्षा 2012 सालीं सुरू झाली, तिच्यांतील इंग्रजी संभाषणाच्या विभागांत गटचर्चेस स्थान देण्यांत आलें. तेथील बहुतेक मुलांची मातृभाषा कँटनी. इंग्रजी त्यांसहि परकीच. चार विद्यार्थ्यांचा गट, तयारीस दहा मिनिटें आणि चर्चेस आठ मिनिटें, अशी तिची योजना. गुणदानाचे चार विभाग केलेले आहेत : उच्चार व बोलण्याची धाटणी हा एक, संवाद साधण्याचें कौशल्य हा दुसरा, शब्दसंपत्ति व वाक्यरचना हा तिसरा, आणि विचार व त्यांची मांडणी हा चौथा. चारीहि विभागांस सारखेच, म्हणजे सात-सात गुण. शब्द व व्याकरण यांच्या वाट्यास एक चतुर्थांश. आणि दुसऱ्याचें ऐकून त्याला धरून बोलणें, गप्प बसलेल्यास विचारणें, चर्चा पुढें ढकलणें, यांसहि तितकाच वाटा. ज्या गोष्टीच्या भीतीनें विद्यार्थी मुका होतो, ती गोष्ट एकंदर हिशेबांत एवढीच आहे.

आतां वेळेचा हिशेब पाहावा. आठ उमेदवार आणि वीस मिनिटें. म्हणजे सरासरीनें प्रत्येकास अडीच मिनिटें. एवढ्या वेळांत भाषण होऊं शकत नाहीं, आणि करूंहि नये. चार किंवा पांच वेळां, दर वेळीं अर्धें मिनिट, असा अडीच मिनिटांचा विनियोग करणें शहाणपणाचें. अर्ध्या मिनिटांत तीन-चार लहान वाक्यें बसतात. एक मत, त्याचें एक कारण आणि एक उदाहरण, एवढ्यास तीं पुरतात. म्हणून गटचर्चेची तयारी म्हणजे मोठमोठे निबंध पाठ करणें नव्हे. पाठ केलेला निबंध ओळखूं येतो. कारण तो कोणाच्याच बोलण्याचें उत्तर नसतो. समोर चर्चा एका वाटेनें चाललेली असते आणि पाठांतर करणारा आपल्या दुसऱ्या परिच्छेदाची वाट पाहत असतो.

येथेंच या विषयाचें मर्म आहे. चर्चेंतील वाक्याचें मोल तें किती सुंदर आहे यावर ठरत नाहीं. तें आधीच्या वाक्यास कसें जोडलेलें आहे यावर ठरतें. गांवच्या पारावर चार वृद्ध बसून बोलतात, तेव्हां कोणी भाषण करीत नाहीं. एकाच्या तोंडचा धागा दुसरा घेतो, त्यांत आपला एक पीळ घालतो आणि तिसऱ्याकडे देतो. ही कला मराठी घरांत वाढलेल्या प्रत्येकास अवगत असते. परीक्षेच्या खोलींत भाषा बदलते, एवढेंच. कला तीच असते. आणि ती चालण्यासाठीं पहिली गरज ऐकण्याची आहे. पुढें काय बोलावें याची जुळवाजुळव करण्यांत जो गुंततो, त्यास आधीचा काय म्हणाला हें कळत नाहीं. मग त्याचें बोलणें सुटें पडतें. याउलट जो ऐकतो त्यास प्रवेशासाठीं वाट शोधावी लागत नाहीं. समोरच्याच्या बोलण्यांतील एक शब्द उचलला कीं, तोच दार उघडतो. 'यू स्पोक ऑफ फार्मर्स', म्हणजे तुम्हीं शेतकऱ्यांचा उल्लेख केला, एवढें म्हणून सुरुवात करणाऱ्यास कोणी अडवीत नाहीं. ज्याचें नांव निघालें तो तर निश्चितच थांबतो.

एक उदाहरण घ्यावें. समजा, विषय असा निघाला कीं, पाण्याची टंचाई असलेल्या भागांत उसाच्या लागवडीवर निर्बंध असावेत कीं नाहींत. आरंभींचे दोघे-तिघे वर्तमानपत्रांत वाचलेलीं मतें मांडतात. एक म्हणतो, उसास पाणी फार लागतें. दुसरा म्हणतो, साखर कारखान्यांवर लाखो लोकांचें पोट आहे. दोघांचेंहि खरें. चर्चा तेथेंच घोटाळत राहते. गटांत लातूरकडचा एक मुलगा बसलेला आहे. 2016 सालच्या एप्रिल महिन्यांत मिरजेहून लातूरला आगगाडीनें पिण्याचें पाणी नेण्यांत आलें, तेव्हां तो लहान होता आणि घागर घेऊन रांगेंत उभा होता. या विषयावर त्या खोलींत त्याच्याइतकें कोणासच माहीत नाहीं. परंतु तो मनांत एक लांबलचक मराठी वाक्य रचतो, 'ज्या वर्षीं आमच्या शहरास आगगाडीनें पाणी आणावें लागलें त्या वर्षींसुद्धां...', आणि त्याचें इंग्रजी करूं लागतो. 'ज्या' आणि 'त्या' यांची सांगड बसेपर्यंत विषय पुढें गेलेला असतो.

त्या मुलानें केवळ आठ शब्दांचें वाक्य बोलावयास हवें होतें : 'अ ट्रेन ब्रॉट वॉटर टु लातूर इन ट्वेंटी-सिक्स्टीन.' त्यापुढें दुसरें : 'आय स्टुड इन द क्यू.' आणि तिसरें : 'सो ड्रिंकिंग वॉटर मस्ट कम फर्स्ट.' आगगाडीनें पाणी आणलें, मी रांगेंत उभा होतों, म्हणून पिण्याचें पाणी आधी. या तीन वाक्यांत अवघड शब्द एकहि नाहीं; परंतु हीं ऐकल्यावर सारा गट त्याच्याकडे वळला असता आणि घोटाळत असलेली चर्चा एका प्रश्नावर स्थिर झाली असती : पाणी थोडें असतां तें प्रथम कोणास द्यावें ? गटावर प्रभाव पाडणें म्हणतात तें हेंच. त्यास आवाज चढवावा लागत नाहीं.

मराठी बोलणाऱ्याची अडचण शब्दांच्या अभावापेक्षां वाक्याच्या घडणींत अधिक असते, हें या उदाहरणावरून ध्यानांत येईल. मराठींत क्रियापद शेवटीं येतें. बोलणारा आरंभ करून देतो, विशेषणें लावतो, मध्यें थोडा थांबतो आणि शेवटीं काय म्हणावयाचें तें ठरवितो. इंग्रजींत कर्त्यामागोमाग क्रियापद येऊन उभें राहतें. तें आधीं ठरलेलें नसेल तर 'आय... आय...' म्हणत थांबावें लागतें. म्हणून तोंड उघडण्यापूर्वीं सबंध वाक्य जुळविण्याची गरज नाहीं. कर्ता आणि क्रियापद एवढी जोडी मनांत पक्की असली म्हणजे पुरे. उरलेलें वाक्य त्यांच्यामागून चालत येतें. जोडवाक्यांचा मोह टाळावा. 'जो-तो', 'जेव्हां-तेव्हां' यांनीं बांधलेलें एक मराठी वाक्य फोडून त्याचीं तीन इंग्रजी वाक्यें करावींत. इंग्रज श्रोत्यासहि तींच अधिक रुचतात.

दुसरा भेद नकाराचा. 'हा उपाय चालेल असें मला वाटत नाहीं', या मराठी वाक्यांत 'नाहीं' हा शब्द अखेरीस येतो. ऐकणाऱ्याच्या कानांवर आधीं सारा मजकूर पडतो आणि मग नकार. इंग्रजींत 'आय डोंट थिंक' असा नकार आरंभींच येतो. मराठींत सौम्य वाटणारा मतभेद इंग्रजींत एकदम अंगावर आल्यासारखा वाटतो, याचें हें एक कारण. म्हणून विरोध करण्यापूर्वीं समोरच्याच्या म्हणण्यांतील जो भाग मान्य असेल तो आधीं सांगावा. 'यू आर राइट अबाउट द कॉस्ट, बट वॉट अबाउट द टाइम ?', म्हणजे खर्चाविषयीं तुमचें खरें, पण वेळेचें काय, अशा रीतीनें मांडलेला विरोध चर्चेस पुढें नेतो. 'यू आर राँग' म्हणजे तुमचें चूक, असें म्हटल्यानें चर्चा भांडणाकडे झुकते, आणि बाजूस बसलेला अधिकारी तेंच टिपून घेतो.

कांहीं चुका मात्र अशा आहेत कीं, त्या थोड्या सरावानें कायमच्या जातात, आणि घालविणें इष्टहि असतें. 'मी सहमत आहें' याचें शब्दशः रूप म्हणून 'आय ॲम अग्री' असें तोंडांतून जातें. 'अग्री' हें इंग्रजींत स्वतःच क्रियापद असल्यानें 'आय अग्री' एवढेंच शुद्ध आहे. 'या विषयावर चर्चा करणें' यांतील 'वर' मनांत असल्यामुळें 'डिस्कस अबाउट' म्हटलें जातें; 'डिस्कस'नंतर कोणतेंहि अव्यय लागत नाहीं. आपलें नांव सांगतांना 'मायसेल्फ' म्हणण्याची पद्धतहि सोडावी. उच्चारांत दोन गोष्टी पाहाव्या. मराठींत 'व' एकच आहे. इंग्रजींत दोन आहेत, एक ओठांचा चंबू करून आणि दुसरा वरचे दांत खालच्या ओठास लावून. 'वॉटर' आणि 'व्हिलेज' हे शब्द आरशासमोर म्हणून पाहिले म्हणजे भेद कळतो. दुसरी गोष्ट आघाताची. मराठी शब्दांतील अक्षरें बहुधा सारख्या जोरानें उच्चारलीं जातात; इंग्रजी शब्दांत एका ठिकाणीं जोर पडतो. 'डेव्हलपमेंट' या शब्दांत तो 'व्हे'वर आहे, 'ॲग्रिकल्चर'मध्यें आरंभीं. चर्चेंत वारंवार येणाऱ्या पन्नासएक शब्दांचे आघात शब्दकोशांत पाहून ठेवले तरी बोलणें पुष्कळ स्वच्छ होतें. विलायती सूर लावण्याचा अट्टाहास मात्र करूं नये. ऐकणाऱ्यास कळलें, कीं उच्चाराचें काम संपलें.

चर्चेचा आरंभ आपणच करावा, असा अनेकांचा आग्रह असतो. आरंभ करणाऱ्याकडे लक्ष जातें, हें खरें. परंतु विषय नीट न समजतां घाईनें केलेला आरंभ अंगलट येतो. ज्यास विषयाचे दोन-तीन भाग पाडून दाखवितां येतात, त्यानें खुशाल आरंभ करावा. इतरांनीं दोघांचें ऐकून तिसऱ्या-चौथ्या स्थानीं यावें. त्याहून उशीर मात्र करूं नये, कारण मौन जितकें लांबतें तितकें तें मोडणें कठीण होतें. पहिलें बोलणें लहान असलें तरी चालतें. कोंडी फुटणें महत्त्वाचें. सर्व जण एकदम बोलूं लागले, तर आवाजांत आवाज मिसळण्यापेक्षां एखाद्या शांत बसलेल्या सोबत्याचा अंक घेऊन त्याचें मत विचारावें. असा प्रश्न विचारणारा एका वाक्यांत तीन गोष्टी साधतो : गोंगाट थांबतो, मागें पडलेल्यास वाट मिळते, आणि गटाची काळजी वाहणारा कोण तें परीक्षकास दिसतें. मात्र स्वतःस मान मिळावा म्हणून, ज्यास कांहीं सांगावयाचें नाहीं त्याला अडचणींत टाकूं नये.

आतां सरावाविषयीं. महाराष्ट्राच्या बारावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत गटचर्चेचा पाठ आहे, आणि चर्चेंतील संवाद लिहून काढण्याचा अभ्यास विद्यार्थी करतात. तो उपयोगी आहे. परंतु लिहिलेल्या चर्चेंत कोणी मध्येंच तोडीत नाहीं, कोणी विषय पळवीत नाहीं. पोहण्याचें पुस्तक वाचल्यावरहि विहिरींत उतरावेंच लागतें. पांच-सहा मित्र, एक घड्याळ आणि एक मुका साक्षीदार, एवढें साहित्य जमवावें. साक्षीदारानें बोलूं नये. कोण किती वेळां बोलला आणि त्यांतील किती वाक्यें आधीच्या बोलण्यास जोडलेलीं होतीं, एवढेंच टिपावें. नियम एकच ठेवावा : आपलें मत सांगण्यापूर्वीं प्रत्येकानें आधीच्या वक्त्याचें म्हणणें एका इंग्रजी वाक्यांत सांगावें, आणि त्या वक्त्यानें 'बरोबर' म्हटल्यावरच पुढें बोलावें. आरंभीं हें कंटाळवाणें वाटतें. परंतु चार-सहा बैठकींनंतर कानांस ऐकण्याची संवय लागते, आणि बोलण्याची भीति निम्म्यानें कमी होते. कारण पहिलें वाक्य कोठून आणावें, हा प्रश्नच उरत नाहीं.

ज्यास असे मित्र मिळत नाहींत, त्यानें रोज एका मराठी अग्रलेखाचा आशय तीन लहान इंग्रजी वाक्यांत मोठ्यानें सांगावा : मत, कारण, उदाहरण. खिशांतल्या दूरध्वनींत तें मुद्रित करून ऐकावें. प्रथम स्वतःचा आवाज परका वाटेल. अडखळण्याच्या जागा स्पष्ट ऐकूं येतील. त्या जागा बहुतेक वेळां कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्येंच सांपडतील. तेथें बोट ठेवून तेंच वाक्य दुसऱ्यांदां, तिसऱ्यांदां म्हणावें. विषयहि दूरचे शोधूं नयेत. गांवची शाळा, एस.टी.ची फेरी, विहिरीचें पाणी, बाजारसमितींतील भाव, हे विषय ज्याच्या नित्य पाहण्यांतले आहेत, त्याच्यापाशीं उदाहरणांचा असा सांठा असतो कीं, तो शहरांतल्या पुस्तकी उमेदवारास पैसे देऊनहि मिळणार नाहीं. त्या सांठ्यास साध्या इंग्रजी वाक्यांची वाट करून देणें, एवढेंच काम उरतें.

गटचर्चेची परीक्षा वक्तृत्वाची नाहीं, हें ज्यास उमगलें त्याच्या मनावरील अर्धें ओझें उतरतें. अर्धवर्तुळांतील त्या आठ खुर्च्यांपैकीं कोणतीहि खुर्ची ठराविक शाळेंतून आलेल्यासाठीं राखून ठेवलेली नसते. तेथें एकमेकांचें ऐकणारीं आणि आपल्या वाट्याचें थोडक्यांत सांगणारीं माणसें हवीं असतात. लातूरकडच्या त्या मुलापाशीं सांगण्यासारखें होतें. पुढच्या खेपेस त्यानें मनांतील लांब वाक्य बाजूस ठेवावें, शेजाऱ्याच्या बोलण्यांतला 'पाणी' हा शब्द उचलावा, आणि त्या आठ शब्दांपासून आरंभ करावा.